अस्सल नक्कल

लहानपणी दर दिवाळीला मला टिकल्यांची बंदूक मिळायची. पत्र्याची, स्वस्तातली. लाल टिकल्यांचा रोल आत घालायचा आणि चाप ओढत सुटायचं. दोन टिकल्या उडायच्या, तिसरी अडकायची. ती नखाने काढण्यात माझ्या कित्येक दिवाळ्या गेल्या. बंदुकीचा माझा अनुभव इथे संपला. घराण्यात कोणी फौजी नाही, शिकारी तर नाहीच नाही. (काकांनी एकदा साप मारला होता, पण तो काठीने.)

त्यामुळे डॅलसला आल्यावर टीममधल्या एका साठी उलटलेल्या डेटाबेसवाल्यांनी जेव्हा विचारलं, "शनिवारी रेंजवर येतोस का? माझ्याकडे विंचेस्टर ७३ आहे," तेव्हा मी आधी हसलोच. या गृहस्थांचं नाव लिहीत नाही, मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणतो. तर आजोबांची ती रायफल म्हणजे इंग्रजी वेस्टर्न पिक्चरमध्ये काऊबॉयच्या हातात असते ती. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढायची, वर घ्यायची, की पुढची गोळी तयार. लिव्हर-ॲक्शन. कोणाला मोह होणार नाही?

पण थांबा. आधी कायदा. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. विकत घेणं सोडाच, रेंजवर भाड्याने घेणंही अडचणीचं. याला जे अपवाद आहेत त्यातला एक मजेशीर आहे : शिकारीचा वैध परवाना. म्हणजे मला लोखंडी पाटीवर नेम धरायचा, तर आधी कागदोपत्री शिकारी व्हायला हवं. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी एक कोर्सही करावा लागतो. मी दोन संध्याकाळी बसून ऑनलाईन केला. झुरळापलीकडे मजल न गेलेला मी आता टेक्सासचा परवानाधारक शिकारी आहे.

असो. शनिवार उजाडला. आजोबांनी ती हातात दिली. साधारण साडेतीन किलो, अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता. मी भक्तिभावाने विचारलं, "दीडशे वर्षांची?" आजोबा म्हणाले, "छे. माझ्या गाडीपेक्षा नवी आहे. इटलीत बनलेली." नळीवर बारीक अक्षरांत उबर्टी असं लिहिलेलं होतं.

खरं सांगायचं तर माझा पोपट झाला. म्हणजे ही नक्कल! पण पुढचे चार-पाच महिने मी त्या नकलेच्या मागे लागलो, आणि झालं असं की नक्कल खरी निघाली आणि माझ्या डोक्यातली मूळ गोष्टच खोटी निघाली. ती कशी, तेच आज लिहायचंय.

सुरुवात एका पिनेपासून. वॉल्टर हंट नावाचा न्यूयॉर्कचा एक संशोधक होता. १८४९ मध्ये त्याने सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं. तीच, जी आपल्या आया बांगडीत अडकवून ठेवतात. याच माणसाने त्याच सुमारास एकामागोमाग गोळ्या झाडणारी एक रायफलही काढली. ती फार नाजूक होती, चालली नाही. मग तिच्यावर लुईस जेनिंग्जने काम केलं, मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या जोडीने (हो, तेच स्मिथ अँड वेसन). शेवटी हा सगळा पसारा ऑलिव्हर विंचेस्टर या माणसाच्या हाती आला. हा बंदूकवाला नव्हताच, न्यू हेवनचा शर्टांचा कारखानदार होता. त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये पेटंट घेतलं ती हेन्री रायफल. एका भरण्यात सोळा गोळ्या. बहुतेक सैन्य ठासणीच्या बंदुकीत एकेक गोळी गजाने ठासत होतं तेव्हाची ही गोष्ट.

आता आतलं यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. आजोबांनी बाजूची झाकणं काढून दाखवलं. आत दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची एकेक जोडी आहे, अगदी आपल्या गुडघ्यासारखी. लिव्हर वर असताना गुडघा ताठ असतो आणि काडतुसामागच्या बोल्टला टेकू देतो. लिव्हर खाली ओढली की गुडघा मुडपतो, बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि घोडा चढतो. तेवढ्यात पितळेचा एक ठोकळा पुढचं काडतूस घेऊन लिफ्टसारखा वर येतो. लिव्हर मिटली की बोल्ट ते काडतूस नळीत ढकलतो. बस्स. इतकं सरळ डिझाईन मी क्वचितच पाहिलंय.

पण ताठ गुडघ्यावर भार पेलायला मर्यादा असतात. जोरकस काडतूस त्याला झेपत नाही. म्हणून हेन्रीच्या काडतुसात दारू असायची जेमतेम पावणेदोन ग्रॅम. १८७३ च्या मॉडेलसाठी .४४-४० हे नवं काडतूस आलं, त्यात चाळीस ग्रेन, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. आणि त्याच १८७३ साली अमेरिकन सैन्याने जी स्प्रिंगफील्ड रायफल घेतली, तिच्या काडतुसात सत्तर ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम दारू आणि दुप्पट वजनाची गोळी. पण ती एका वेळी एकच झाडणारी. एकीकडे वेग, दुसरीकडे पल्ला आणि ताकद. आपल्या भाषेत, थ्रूपुट घ्या नाहीतर पॉवर घ्या, दोन्ही मिळणार नाही.

सैन्याने पल्ला निवडला. यादवी युद्धात सरकारने हेन्री रायफली घेतल्या फक्त १,७३१. बाकी बऱ्याच शिपायांनी पदरमोड करून घेतल्या. महिन्याला १३ डॉलर पगार आणि रायफल ४० डॉलरच्या आसपास! जीव वाचवायला तीन महिन्यांचा पगार. मला इथे पहिला धक्का बसला. ही 'काऊबॉयची बंदूक' मुळात कर्जबाजारी शिपायांची बंदूक होती.

दुसरा धक्का मोठा होता. या रायफलीला 'पश्चिम जिंकणारी बंदूक' म्हणतात. ही पदवी इतिहासकारांनी दिलेली नाही. ती कंपनीची जाहिरात, तीही विसाव्या शतकातली. त्या पश्चिमेत अमेरिकन सरकारी फौज १८९० च्या दशकापर्यंत एकबारी स्प्रिंगफील्डच घेऊन फिरत होती. मग लिव्हर-ॲक्शन होती कोणाकडे? वसाहतवाल्यांकडे होती, शिकाऱ्यांकडे होती आणि लाकोटा व शायान लढवय्यांकडेही होती.

२५ जून १८७६, मोंटाना, लिटल बिगहॉर्न नदीचा काठ. कस्टरच्या हाताखालच्या पाच तुकड्या, दोनशेहून जास्त माणसं, एका दुपारी संपली. लाकोटांकडे धनुष्यबाण होते, जुन्या ठासणीच्या बंदुका होत्या, पण बऱ्याच हेन्री आणि विंचेस्टरही होत्या. घळींच्या आडोशाने ते जवळ आले आणि जवळून लढाई म्हटल्यावर स्प्रिंगफील्डचा लांब पल्ला फुकट गेला. हे नुसतं ऐकीव नाही. १९८३ मध्ये त्या मैदानावर वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली. १९८४ आणि १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मेटल डिटेक्टर घेऊन उतरले. प्रत्येक पुंगळी कुठे सापडली ते नकाशावर मांडलं. हेन्री रायफलीची फायरिंग पिन पुंगळीच्या कडेवर दोन ठिकाणी आपटते, आणि प्रत्येक रायफलीची खूण थोडी वेगळी उमटते. त्या खुणा मायक्रोस्कोपखाली जुळवून एकेक बंदूक मैदानावर कुठून कुठे फिरली ते काढलं. लॉग फाईलवरून बग शोधावा तसं. त्या लॉगमध्ये लढवय्यांची नावं नाहीत, पण ते कुठे उभे होते ते आहे. जाहिरातीत मात्र ते कुठेच नाहीत.

आणि त्या दुपारी जिंकूनही ते हरलेच. वर्षभरात बहुतेकांना शरण जावं लागलं. तेव्हा कुठल्या एका बंदुकीने पश्चिम 'जिंकली' नाही. रेल्वे, रेड्यांच्या कळपांची कत्तल, मोडलेले करार यांनी ती घेतली. मी ज्या 'काऊबॉय' चित्राच्या प्रेमात होतो, त्यातून एवढं सगळं गाळलेलं होतं.

पिक्चरवाल्यांची तर कमालच. १९३९ च्या 'स्टेजकोच' मध्ये जॉन वेन लिव्हर गोल फिरवत रायफल भरतो तो प्रवेश प्रसिद्ध आहे. गोष्ट घडते १८८० च्या आसपास आणि त्याच्या हातात आहे १८९२ चं मॉडेल!

मग इटली कुठून आली? ब्रेशियाजवळच्या वाल ट्रोम्पिया खोऱ्यात शतकानुशतकं बंदुका बनतात. बेरेटाचं घराणं १५२६ पासूनचं, तिथलंच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉरगेट हा अमेरिकन तिथे गेला. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये येत होती, आणि जुन्या रिव्हॉल्व्हर झाडण्याची हौस असणारे लोक खूप होते. पेटंट केव्हाच संपलेली, म्हणजे सोर्स कोड खुला. आल्डो उबर्टी याने १९५९ मध्ये कारखाना काढला. आधी कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या नकला, नंतर हेन्री, १८६६ आणि १८७३ च्या रायफली. म्हणजे इटालियन दिग्दर्शक स्पेनमध्ये अमेरिकेचे पिक्चर काढत होते त्याच काळात इटालियन कारागीर अमेरिकेच्या बंदुका घडवत होते.

मग अस्सल कोण? विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. २०१३ पासून विंचेस्टरच्या नावाने विकली जाणारी १८७३ जपानच्या मिरोकू कारखान्यात बनते. 'हेन्री' नावाची अमेरिकन कंपनी १९९६ मध्ये ब्रुकलिनला सुरू झाली, तिचा त्या मूळ हेन्रीशी नावापुरताच संबंध. नाव आहे तिथे वारसा नाही, वारसा आहे तिथे नाव नाही. आपल्याकडे 'मूळ दुकान हेच' अशी पाटी शेजारशेजारच्या दोन दुकानांवर असते, तसाच प्रकार.

नकलेतही तडजोडी आहेत. सगळ्यात मोठी काडतुसाची. आजच्या बऱ्याच नकला .४५ कोल्ट काडतुसाच्या असतात. एकोणिसाव्या शतकात या काडतुसाची एकही विंचेस्टर निघाली नव्हती! मूळ हेन्रीचं काडतूस बाजारातून केव्हाच गेलं, म्हणून हेन्रीच्या नकलेचा सांगाडा थोडा लांबवावा लागला. बाहेरून इंटरफेस तोच, आत नवं पोलाद, नवं काडतूस. आजोबांची मात्र .४४-४० ची आहे, हट्टाने घेतलेली. एका काडतुसाला साधारण डॉलरभर पडतो, म्हणून पुंगळ्या वेचून ते घरी पुन्हा भरतात. त्या पुंगळीचं तोंड इतकं पातळ की भरताना जरा हात चुकला की चुरगळते. पण पातळ आहे म्हणूनच बार उडताना ती फुगून नळीशी घट्ट बसते आणि धूर मागे येत नाही. दोष आणि गुण एकाच जागी.

आजोबा काऊबॉय नेमबाजीच्या स्पर्धांत जायचे. जुन्या पद्धतीच्या बंदुका, जुना पोशाख, घड्याळ लावून लोखंडी पाट्या वाजवायच्या. १९८७ पासून या खेळाची रीतसर संघटना आहे. गंमत म्हणजे जॉन ब्राउनिंगने १८८६ आणि १८९२ च्या मॉडेलांत जो गुडघा कमजोर म्हणून टाकून दिला, तोच इथे सगळ्यांना हवा असतो. खेळात काडतुसं हलकी, ताकदीचा प्रश्नच नाही, आणि गुडघा लोण्यासारखा चालतो.

शेवटच्या शनिवारी आजोबांनी पाच काडतुसं काळ्या दारूची आणली. खरी, गंधकवाली. पहिला बार... आणि समोर पांढरा ढग. नाकात थेट नरकचतुर्दशीची पहाट. दुसरा बार, तिसरा. तिसऱ्यानंतर मला पाटी दिसेनाच. लिव्हर कितीही भरभर चालवा, आपल्याच धुरात आपण आंधळे. हे मला कुठल्याच पिक्चरने सांगितलं नव्हतं. ते नकलेने सांगितलं.

रेंजवरून परतताना आजोबा म्हणाले, "तू घेतोस का ही? मुलांना नको आहे. आणि माझ्या मनगटाला आता लिव्हर झेपत नाही." किंमतही अगदी घरची सांगितली. नवी दीड हजार डॉलरच्या घरात जाते.

मी आठवडाभर विचार केला. परवाना दर ३१ ऑगस्टला संपतो; नूतनीकरण विसरलो तर कपाटातली ती वस्तू थेट केंद्रीय गुन्हा. व्हिसा गेला तर ती भारतात नेणं जवळजवळ अशक्य. बायको एवढंच म्हणाली, "अरे, घरात दोन वर्षांची मुलगी आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर शोधायचंही नव्हतं.

नाही म्हणालो. आजोबांना वाईट वाटलं, ते लपवता आलं नाही त्यांना. मग त्यांनी खिशातून एक रिकामी पुंगळी काढून दिली, त्या काळ्या दारूच्या पाचांतली. "ही तरी ठेव. हिला परवाना लागत नाही."

ती आता माझ्या मॉनिटरखाली आहे. बुडाशी, बरोबर मध्ये, फायरिंग पिनेचा एकच खळगा. हेन्रीचे दोन असायचे, कडेला. कधी बिल्ड चालू असताना ती बोटांत फिरवत बसतो. अजून वास येतो थोडा.