पाटसच्या रस्त्यावरचे दोन तुकाराम

हेडफोन असतील तर लावा, कारण आज मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येणार आहेत. मी पाटसला, आमच्या घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय. समोर पुणे-सोलापूर हायवे. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात. त्यांच्या टेपवर काय वाजतं त्याला माझा इलाज नाही.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की तू सारखं "जुने पिक्चर भारी, जुने पिक्चर भारी" करतोस, तर एकदा समोरासमोर तुलना करून दाखव. ठीक आहे. एकच माणूस, दोन सिनेमे आणि मध्ये छहात्तर वर्षं. 1936 चा प्रभातचा 'संत तुकाराम' आणि 2012 चा चंद्रकांत कुलकर्णींचा 'तुकाराम'. हेच दोन का, तर तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या दारावरून जाते. वरवंडहून निघते, पाटसला थांबते आणि पुढे रोटी घाट चढून उंडवडीकडे वळते. घाटात रथाला जास्तीच्या बैलजोड्या लावतात, ते बघायला आम्ही लहानपणी शाळा बुडवायचो. म्हणजे तुकाराम हा आमच्यासाठी अभ्यासातला धडा नंतर झाला, आधी तो रस्त्यावरचा माणूस.

आणि दुसरं कारण माझी आजी. तिच्याबद्दल येतोच.

आधी प्रभात. 1929 ला कोल्हापुरात सुरू झालेली कंपनी, 1933 ला पुण्यात आली. आज जिथे एफटीआयआय आहे, तोच त्यांचा स्टुडिओ. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दामले तंत्रात आणि ध्वनीत पक्के, फत्तेलाल चित्रकार आणि कलादिग्दर्शक. वारकऱ्यांच्या लाडक्या संतावरचा सर्वात गाजलेला सिनेमा एका दामल्यांनी आणि एका शेखांनी मिळून केला, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. हे मी नुसतं सांगतोय, पुढचं तुम्ही बघा.

12 डिसेंबर 1936 ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. आज पिक्चर तीन आठवडे टिकला तर सक्सेस पार्टी होते. 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत त्याची निवड झाली.

तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. नाटकात स्त्री भूमिका करून आलेले, भजनात रमलेले गृहस्थ. त्यांनी असा काही तुकाराम उभा केला, की लोकांनी त्यांचाच फोटो देवघरात लावला. विचार करा. तुकोबांचा काही फोटो नाही, असणं शक्यच नाही. तरी "तुकाराम महाराज" म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यात या एका नटाचा वाटा मोठा आहे. गाण्यांचंही तेच. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी बीजावरचं एक पद लिहिलं. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं झालं, की लोक ते गाथेत शोधत बसले. सापडणार कुठून?

आता माझी कबुली. कॉलेजात असताना मी हा सिनेमा पहिल्यांदा मोबाईलवर पाहिला आणि हसलो. धान्य आपोआप येतं, नदी वह्या परत देते, शत्रूला सगळीकडे शिवाजी महाराजच दिसतात, शेवटी वैकुंठाचं विमान. व्हीएफएक्स बघून वाढलेल्या पोराला ते विमान म्हणजे गणपतीतला देखावा वाटला. मी मित्रांत चेष्टा पण केली. यातल्या बऱ्याच कथा अठराव्या शतकातल्या महिपतींच्या संतचरित्रांतून आपल्यापर्यंत आल्यात, प्रभातने त्या शोधून काढल्या नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग 2012 चा 'तुकाराम' पाहिला. जितेंद्र जोशी तुकाराम, राधिका आपटे आवली. आणि मला वाटलं, हा खरा! कारण यात घर आहे, दुकानदारी आहे, सावकारीची कागदपत्रं आहेत आणि मुख्य म्हणजे दुष्काळ आहे.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. 1630 च्या आसपास दख्खनमध्ये भयानक दुष्काळ पडला. तो देहूत पडला तसा आमच्या भागातही पडला असणार. सुपे इथून जवळ, शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. तुकोबांनी स्वतः एका अभंगात सांगून ठेवलंय, की दुष्काळात पैसा गेला, मान गेला, आणि एक बायको अन्न अन्न करत मेली. ती रखमा, पहिली बायको. हे कुणा चरित्रकाराने नंतर रचलेलं नाही, त्या माणसाने आपल्या तोंडाने सांगितलंय. त्यानंतर लोकांच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले, धाकट्या भावाचा वाटा तेवढा त्याला देऊन, असं परंपरा सांगते. हा काही भोळ्या माणसाचा चाळा नव्हता. ज्याने आपल्या घरात भूक पाहिली त्याने दुसऱ्याची वसुली थांबवली.

आणि प्रभातच्या सिनेमात रखमा नाही. दुष्काळाने मोडलेला तो तरुण दुकानदार नाही. तिथे तुकाराम सुरुवातीपासूनच विठ्ठलात बुडालेला. मग मी ठरवून टाकलं, नवा जिंकला, जुना हरला. पार्ट टू करून यूट्यूबवर टाकणारही होतो.

तेवढ्यात आजी आली.

आजीने 'संत तुकाराम' पाहिला होता तो जत्रेत, तंबूत, लग्नाआधी. तंबूचा सिनेमा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय माहीत नाही. ट्रकवर प्रोजेक्टर, मधोमध पडदा, एका बाजूला बाप्ये आणि दुसऱ्या बाजूला बायका. बायकांच्या बाजूने सगळं उलटं दिसायचं, म्हणजे पडद्यावर पाटी आली तर अक्षरं उलटी. आजी म्हणते, "आमाला कुठं वाचाया येत हुतं, उलटं काय अन् सुलटं काय." महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाची 2016 ची डॉक्युमेंटरी आहे, कानला दाखवलेली. मिळाली तर बघाच.

तर मी तिला मोबाईलवर जुना सिनेमा लावून दिला. पागनीस आले, तिने हात जोडले, ठीक. पण ती विमानाकडे बघतच नव्हती. ती बघत होती जिजाईकडे. ही भूमिका गौरी नावाच्या बाईंनी केलीय. प्रभातमध्ये एक्स्ट्रा म्हणून काम करणाऱ्या, नटी म्हणून कुणी न घडवलेल्या. त्या बाई अभिनय करतायत असं वाटतच नाही. पोरगं तापाने फणफणलंय, नवरा भजनात, तर ही वहाण उचलून थेट देवळात जाते, देवाला जाब विचारायला. आजी हसली आणि मग म्हणाली, "बराबर हाये तिचं. पोरांच्या तोंडात काय घालायचं ते इट्टल सांगतोय व्हय?"

मला चटका बसला. मी ज्याला चमत्काराचा सिनेमा म्हणत होतो, त्यात चमत्काराला रोखून धरणारी एक बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी आहे. शेवटी नवरा वैकुंठाला चल म्हणतो तरी हिचा पाय घरातून निघत नाही. 1936 साली, संतपटात, दिग्दर्शकांनी तिला मूर्ख ठरवलं नाही. तिचा राग खरा आहे आणि तुकोबाची भक्तीही खरी आहे, दोन्ही एकाच खोलीत. राधिका आपटेची आवली चांगली आहे, मी नाही म्हणत नाही, पण तिथे कॅमेऱ्याला ती सुंदर दिसायला हवी असते. गौरीबाईंच्या वेळी कॅमेऱ्याला ही काळजी नाही.

(सालोमालोबद्दल एक वाक्य सांगायचं राहिलं. दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा हा खलनायक. नाव गाथेतलंच आहे. कॉपी-पेस्ट काही आपल्या पिढीचा शोध नाही.)

मग मी उत्साहात दुसऱ्या दिवशी नवा 'तुकाराम' लावला. दुष्काळाचा भाग आला. ओसाड रानं, भुकेली माणसं. आजीने काही वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बंद कर ते."

मला वाटलं आवडलं नाही. तसं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात ती रोजगाराच्या कामावर खडी फोडायला होती, माझे मोठे काका पाठीशी बांधून. सुकडी खाल्लेली, मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या. आज कालव्याच्या पाण्यावर ऊस दिसतो म्हणून आपण विसरतो, पण आमच्या तालुक्याचा जिरायती भाग अजून आभाळाकडे बघतो. ती एवढंच म्हणाली, "ते खरं हाय. पण मला पुन्यांदा बघायचं न्हाई."

म्हणजे इतिहास कुणी जास्त सांगितला, तर नव्याने. माझं ते मत अजून बदललेलं नाही, रखमाला वगळणं ही प्रभातची मोठी चूक आहे. पण परत परत बघावासा कुठला, तर जुना. आणि तंबूत बसलेल्या त्या बायकांनी, ज्यांच्या घरात दुष्काळाची आठवण ताजी होती, जुना सिनेमा डोक्यावर का घेतला, याचं "भोळ्या होत्या" हे उत्तर मला आता पटत नाही. भूक त्यांना कुणी दाखवायची गरज नव्हती. आपल्या वतीने देवाशी भांडणारी बाई मात्र पडद्यावर त्यांनी पहिल्यांदा पाहिली असेल.

यंदा पालखी पाटसला थांबली तेव्हा आजीला खुर्चीवर बसवून रस्त्याकडेला नेलं. गुडघे गेलेत, घाटापर्यंत चालणं आता होत नाही. रथ गेला, दिंड्या गेल्या, पोरं मोबाईल वर करून शूट करत होती, मीही. तिने पादुकांना हात जोडले आणि मला विचारलं, "आरं, त्या रखमेचं देऊळ हाय का रं कुठं?"

मी अजून शोधतोय. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, किंवा कुणाच्या आजीने तंबूत हा सिनेमा पाहिला असेल, तर दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. ट्रॉली आली, थांबतो इथेच.