२७ डिसेंबर : लेनी के यांचा जन्म

गिटारवादक आणि संगीतलेखक लेनी के यांचा जन्म १९४६ मध्ये आजच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये झाला. इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीच्या जॅक होल्झमन यांच्या सांगण्यावरून त्यांनी १९६५ ते ६८ मधल्या अमेरिकी गॅरेज व सायकेडेलिक रॉकची २७ गाणी निवडली. १९७२ मध्ये त्यांचा ‘नगेट्स’ हा दुहेरी अल्बम निघाला. यातले बहुतेक बँड एखाददुसरे गाणे गाजवून विस्मरणात गेले होते. यातल्याच टेक्सासच्या ‘थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या बँडचा टॉमी हॉल चंबूसारख्या भांड्याच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून त्यात आवाज काढी, ती विलक्षण गुरगुर अल्बममधल्या त्यांच्या गाण्यात सतत ऐकू येते. सोबतच्या टिपणात के यांनी या संगीताला ‘पंक रॉक’ म्हटले, तेही पंकची लाट येण्याआधी. ‘पेबल्स’सारख्या संकलनमाला पुढे याच वाटेने आल्या. तरीही पहिला मान ‘नगेट्स’चाच.