मोठ्या दिवाणखान्याचे स्पीकर

मोठा दिवाणखाना संगीताने भरायचा, तर स्पीकरला भरपूर हवा हलवावी लागते; खर्जाच्या स्वरांसाठी तर फारच. पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या वॅटमध्ये दणदणीत आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरीवर पाणी सोडावे लागते. हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव, आणि केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ही त्यांचाच. तिन्हींपैकी काय सोडायचे, हे घरगुती स्पीकरच्या इतिहासात बहुतेक वेळा पैशाने ठरवले.

सुरुवातीला महाग होते ते वॅट. राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या कोन-स्पीकरचा पाया घातला, पण व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमधून घरात जेमतेम काही वॅट मिळत. पॉल क्लिपश यांनी मग पेटीचा लहान आकार सोडला. आर्कान्सामधील होप या गावी त्यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली. त्यांचा क्लिपशॉर्न हा कर्ण्याचा स्पीकर सव्वाचार फुटांहून उंच; पण तो कोपऱ्यात उभा राही आणि खोलीच्या दोन भिंतींनाच आपल्या कर्ण्याचा पुढचा भाग बनवी. कर्ण्याची बरीच लांबी अशी फुकटात मिळाली, ही कल्पना आजही थक्क करते. एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, तो १०० डेसिबेलच्या वर जातो.

एडगर व्हिलचर यांनी नेमकी उलटी वाट धरली. कोनला मागे खेचणारी ताठ स्प्रिंग त्यांनी काढली आणि ते काम बंद पेटीतल्या हवेकडे सोपवले. पहिल्या नमुन्यात कोनभोवतीची लवचीक कड गादीच्या खोळीच्या कापडाची होती. ती बेतण्यात पत्नी रोझमेरी यांचा हात होता. १९५४ मध्ये व्हिलचर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी सुरू केली. त्यांच्या एआर-१ या स्पीकरची पेटी फळीवर मावे, खर्ज मात्र अवाढव्य पेट्यांना लाजवणारा. तिला वॅट भरपूर लागत. ते १९५९ मध्ये आवाक्यात आले: स्वतः जोडायचा डायनाको स्टीरिओ-७० हा अॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंना ३५-३५ वॅट देई आणि त्याची किंमत होती ९९.९५ डॉलर. स्टीरिओमुळे एकाऐवजी दोन पेट्या लागू लागल्या होत्या, त्यामुळे लहान पेटीचे पारडे आणखी जड झाले.

क्लॉस यांनी पुढे १९६९ मध्ये अॅडव्हेंट नावाचा स्पीकर काढून महागड्या स्पीकरांचा खर्ज मध्यमवर्गीयांच्या खिशाला परवडेल असा केला. त्यांचे श्रेय व्हिलचर यांच्याइतकेच मोठे आहे.

बंद पेटीखेरीज भोक ठेवलेली पेटीही असते; तिचे गणित ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये मांडले. १९७० च्या दशकात स्मॉल यांनी ते पुढे नेले. तोवर अशी पेटी बरीचशी अंदाजाने बनत असे. आता कोणत्या कोनला किती घनफुटांची पेटी आणि केवढे भोक, हे आधीच काढता येऊ लागले. आजचे बहुतेक स्वस्त, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर याच गणिताने बनतात. पुढे वेगळा सबवूफर घेऊन खालचा खर्ज त्याच्यावर सोपवण्याची सोयही झाली, त्यामुळे मुख्य पेट्या लहान ठेवता आल्या.

वॅट स्वस्त झाले तरी मोठ्या खोलीचा हिशेब टळत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. भिंतींमुळे खोलीत ही घट कमी असते. उलट ३ डेसिबेल वाढवायचे, तर अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते. म्हणून थोड्या पैशांत मोठी खोली भरायची असेल, तर ८६ ऐवजी ८९ डेसिबेल संवेदनशीलतेचा (म्हणजे एका वॅटवर, एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणारा) स्पीकर ५० वॅटवर तेच काम करतो, ज्याला एरवी १०० वॅट लागले असते.