शिडी
आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात मे सरत आला की आजोबा शिडी काढायचे. रोहिणी संपायच्या आत घर शाकारून झालं पाहिजे, हा त्यांचा दंडक. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. माकडा-मांजरांनी हलवलेल्या खापऱ्या उतरवायच्या, झाडायच्या, फुटक्या बाजूला काढून पुन्हा एकावर एक रचायच्या.

पुढे मंगलोरी कौलं आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारं हे कौल दूरवर पोचलं. सगळं छप्पर दरवर्षी उतरवण्याची गरज उरली नाही. शिडी परड्यात पडून राहिली.

या साऱ्या तयारीत पाणी वरूनच येणार, हे गृहीत होतं. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली ते खालून आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या मधल्या खोलीतली ओलीची रेघ दोनदा रंग देऊनही उमटते.

आता मृगाआधी आई घराची कागदपत्रं, फोटो, वर्षाचं धान्य माळ्यावर चढवते. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की देवही वर जातात. पंचांगाबरोबर बंधाऱ्याचे आकडे वाचायची सवय झाली आहे.

परड्यातली शिडी मात्र पुन्हा घरात आली. आजोबा तिच्यावरून छपरावर चढत. आम्ही माळ्यावर चढतो.