सायनसचा बुरशीसंसर्ग, शस्त्रक्रियोत्तर

नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांवर (सायनस, नासाकोटरे) शस्त्रक्रिया झाल्यावर तेथे बुरशी आढळणे किंवा पुन्हा वाढणे. बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर निरोगी माणसाच्याही नाकात रोज जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या स्रावात ॲस्परजिलस उगवली, एवढ्यावरून आजार ठरत नाही. बुरशी ऊतीत शिरली आहे की नुसती पोकळीत आहे, हे पाहावे लागते. त्याचा निवाडा बायोप्सीवर होतो.

पोकळीतला बुरशीगोळा बहुधा गालाच्या एकाच सायनसात असतो. रूट कॅनालमध्ये भरलेले झिंकयुक्त द्रव्य वरच्या दाढेतून सायनसात उतरले, तर त्याभोवतीही तो वाढतो. दुर्बिणीतून गोळा पूर्ण काढून सायनसचे तोंड रुंद केले की सहसा भागते. बुरशीनाशक औषध लागत नाही.

ॲलर्जीजन्य प्रकार चिवट. त्यात पॉलिप (नाकातील मऊ गाठी) असतात आणि सायनस घट्ट, चिकट स्रावाने ठासून भरतात. शस्त्रक्रियेने पोकळी मोकळी होते, ॲलर्जी जात नाही. म्हणून काही महिन्यांनी वा वर्षांनी तक्रारी परततात. ‘बुरशी परत आली’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते. भिस्त स्टेरॉइडवर, मिठाच्या पाण्याने नाक धुण्यावर (पाणी उकळून गार केलेले, नळाचे थेट वापरू नये) आणि दुर्बिणीच्या नियमित तपासणीवर असते.

ऊतीत शिरणारा प्रकार मात्र तातडीचा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे असंख्य रुग्ण आढळले; मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करण्यास सांगितले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडते आणि रक्ताविना ऊती मरून काळ्या पडतात. औषध मृत भागात पोहोचतच नाही, त्यामुळे तो कापून काढावाच लागतो, कधी दोन-तीनदा. मृत हाड मागे राहिले किंवा रक्तातील साखर आटोक्यात आली नाही, तर आजार पुन्हा डोके वर काढतो. गाल बधिर होणे, दात हलणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे दिसताच थांबू नये. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन शिरेतून दिल्यावर बहुधा पोसाकोनाझोलच्या गोळ्या चालू ठेवतात. वरचा जबडा व टाळू काढावा लागलेल्यांना बोलणे-गिळणे जमावे म्हणून दंतवैद्य ऑब्चुरेटर, म्हणजे काढता-घालता येणारा कृत्रिम टाळू, बनवून देतात.