उत्तरकालीन रोमन सुवर्णनाणी

उत्तरकालीन रोमन सुवर्णनाणी म्हणजे मुख्यतः इ.स.च्या चौथ्या व पाचव्या शतकांत रोमन साम्राज्याच्या टांकसाळींत पाडलेली सोन्याची नाणी. त्यांत 'सॉलिडस' हे नाणे प्रमुख होय. सम्राट पहिला कॉन्स्टन्टाइन याने चौथ्या शतकाच्या आरंभी जुन्या 'ऑरियस' नाण्याच्या जागी ते प्रचारात आणले. सैनिकाचा वाचक असलेला इंग्रजीतील 'सोल्जर' हा शब्द मूळ याच नाण्याच्या नावावरून आला आहे.

वजन व मूल्ये

एका रोमन पौंड सोन्यातून ७२ सॉलिडस पाडले जात. त्यामुळे प्रत्येकाचे वजन सुमारे ४.५ ग्रॅम भरते. डायोक्लेशनचा ऑरियस पौंडास ६० या प्रमाणाचा, म्हणून अधिक जड होता. सॉलिडसच्या अर्ध्या मूल्याचे नाणे 'सेमिसिस' आणि तृतीयांश मूल्याचे 'ट्रेमिसिस' (सुमारे १.५ ग्रॅम). ओळख पटविताना प्रथम वजन पाहणे इष्ट. मात्र कडा कातरलेली किंवा दागिन्यात जडविलेली नाणी या कसोटीला उतरत नाहीत.

पुरोभाग

पुरोभागावर सम्राटाची अर्धप्रतिमा व भोवती नाव असते. नावापूर्वीची 'डी. एन.' ही अक्षरे 'आमचा स्वामी' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे होत. केवळ नाव वाचून निर्णय करणे धोक्याचे आहे. पहिला व दुसरा थिओडोसिअस यांच्या नाण्यांवर नाव एकसारखेच कोरलेले असते आणि दोघांच्या राज्यारोहणांत दोन दशकांहून अधिक अंतर आहे. येथे प्रतिमेची ठेवण उपयोगी पडते. पूर्वेकडे इ.स. ३९५ च्या सुमारास आर्केडिअसच्या काळात पार्श्वदर्शी चेहऱ्याऐवजी शिरस्त्राण घातलेला, समोर किंचित वळलेला चेहरा, खांद्यामागे भाला व हाती ढाल अशी प्रतिमा रूढ झाली. पहिला थिओडोसिअस इ.स. ३९५ मध्ये निवर्तला. म्हणून त्या नावासह अशी प्रतिमा असल्यास ते नाणे दुसऱ्याचे समजावे. पार्श्वदर्शी प्रतिमेबाबत मात्र उलट विधान करता येत नाही, कारण पश्चिमेकडे दुसऱ्या थिओडोसिअसच्या नावानेही तशी नाणी पाडली गेली.

पृष्ठभाग व टांकसाळीची खूण

पृष्ठभागावर विजयदेवता, सिंहासनस्थ कॉन्स्टॅन्टिनोपल नगरी किंवा सम्राट यांची आकृती आढळते. इ.स. ४२० च्या सुमारास लांब क्रूस धरलेली विजयदेवता दिसू लागते. लेखाच्या शेवटी 'ऑगस्टस' या शब्दाच्या संक्षेपात 'जी' हे अक्षर जितक्या वेळा येते तितके सम्राट त्या वेळी राज्य करीत होते, असा मूळ संकेत होता. परंतु पुढे तो यांत्रिकपणे चालू राहिला, त्यामुळे त्यावरून काल ठरविणे चुकीचे ठरते. त्याहून भरवशाचा पुरावा राज्यवर्षांचा उल्लेख होय. दुसऱ्या थिओडोसिअसच्या एका प्रकारावर ४२वे राज्यवर्ष व १७वे कॉन्सलपद कोरलेले असल्याने तो इ.स. ४४० च्या दशकातील ठरतो.

तळाशी 'कॉनॉब' अशी अक्षरे असतात. 'कॉन' म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल आणि 'ऑब' म्हणजे शुद्ध केलेले सोने. ग्रीक अंकपद्धतीत हीच दोन अक्षरे ७२ ही संख्याही दर्शवितात. व्हॅलेन्टिनियन व व्हॅलेन्स यांच्या काळातील शुद्धीकरणानंतर ही खूण प्रचारात आली. तथापि 'कॉनॉब' दिसताच नाणे राजधानीचे मानू नये, कारण इतर टांकसाळींनीही ती अक्षरे वापरली. पश्चिमेकडे बहुधा 'कोमॉब' असते व आकृतीच्या दोन्ही बाजूंची अक्षरे स्थान सांगतात: 'एम-डी' मिलान, 'आर-व्ही' रावेन्ना, 'आर-एम' रोम.

अनुकृती

पश्चिम साम्राज्य मोडल्यावर ऑस्ट्रोगॉथ, व्हिसिगॉथ, बर्गंडियन इत्यादींच्या राजांनी पूर्वेकडील सम्राटाच्याच नावाने नाणी पाडली. रोम येथे थिओडोरिकच्या सत्तेखाली पाडलेल्या सॉलिडसवर अनास्टेशिअसचे नाव आहे. अशी नाणी विकृत लेख व अक्षरांच्या घडणीवरून वेगळी करावी लागतात. फ्रँक राजा पहिला थिओडेबर्ट याने मात्र सहाव्या शतकात सुवर्णनाण्यांवर स्वतःचे नाव घातले.

दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकातील अक्कीआळूर येथे, उत्तरकालीन रोमन व बायझंटाइन सुवर्णनाणी सापडली आहेत. भारतात मिळणाऱ्या अनेक नाण्यांना प्रतिमेच्या वर दोन छिद्रे पाडलेली असतात. ती गळ्यात घालण्यासाठी असावीत. स्थानिक अनुकृतीही आढळतात.

वर्गीकरण

अभ्यासक सामान्यतः 'रोमन इंपीरियल कॉइनेज' या मालिकेतील क्रमांक देतात. तिचा जे. पी. सी. केंट यांनी सिद्ध केलेला दहावा खंड (१९९४) इ.स. ३९५ ते ४९१ या काळाचा आहे. अनास्टेशिअसपासूनची नाणी (इ.स. ४९१ नंतर) सामान्यतः बायझंटाइन नाण्यांच्या सूचींत घेतली जातात. ही सीमारेषा अभ्यासाच्या सोयीची आहे. सॉलिडसचे वजन व घडण तेथे बदलत नाही.