शर्त, शर्यत आणि टीप

उर्दूत ‘शर्त’ म्हणजे अट, आणि ‘शर्त लगाना’ म्हणजे पैज लावणे. अरबीतून आलेल्या या शब्दाला मराठीत दोन वाटा फुटल्या. ‘शर्त’ अटीपुरती उरली आणि धावण्याच्या चढाओढीला ‘शर्यत’ हे नाव मिळाले. उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना अशा वाटा रोज भेटतात. या वाटेवर मात्र खेळ आणि पैसा हातात हात घालून चालले आहेत.

एकोणिसाव्या शतकात मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ होती. आखातातल्या बंदरांतून अरब सौदागर जहाजांनी घोडे आणत. काही फौजेत जात, काही संस्थानिकांच्या पागेत आणि चपळ ते भायखळ्याच्या मैदानावर. १८८३ मध्ये शर्यती महालक्ष्मीला आल्या. घोड्यांचा शौक आगाखान घराण्यातही होता. तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ या काळात इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली.

आमच्या कोकणात मान बैलाचा. पावसात चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा, आणि ऊन पडले की गाड्यांच्या शर्यती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. वाद जनावरांच्या हालांचा होता. काठावर फिरणाऱ्या पैशाबद्दल फार कोणी बोलले नाही.

जुन्या फकीहांनी मात्र या पैशाचा विचार बारकाईने केला होता. घोडा, उंट आणि तिरंदाजी यांच्या स्पर्धेत तिसऱ्याने बक्षीस ठेवले तर ते जायज. दोघांनीही पैसे मांडले आणि हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याकडे गेले, तर तो किमार, म्हणजे जुगार. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले. कौशल्य आहेच, पण ते घोड्याचे, जॉकीचे आणि तालीम देणाऱ्याचे. कट्ट्यावर बसून ‘टीप’ विकणाऱ्याचे कौशल्य कोणते?

इथे गणित उपयोगी पडते. पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने १८६० च्या दशकात काढलेली पद्धत आज रेसकोर्सवरच्या ‘टोट’मध्ये चालते. युरोप-अमेरिकेत घोडे हलक्या दोनचाकी गाड्या ओढत दुडक्या चालीने पळतात, तिथेही तीच. सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात. त्यातून आधी कर आणि क्लबचा वाटा कापला जातो. उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे लावणाऱ्या सर्वांनी मिळून जितके घातले, त्याहून कमीच परत येते. शिवाय एकाच घोड्यावर जितके जास्त लोक पैसे लावतील, तितका प्रत्येकाचा वाटा लहान. टीप चार लोकांत पसरली, की खरी असूनही तिचे मोल घटते. खोटी असेल तर बोलायलाच नको. दोन्ही वेळा विकणाऱ्याचे पैसे मात्र आधीच वसूल झालेले असतात.

मुंबईला नोकरीला गेलेल्या आमच्या मुलांच्या हाती हीच टीप आता मोबाइलवर येते. तिला हराम म्हणून थांबलो, तर ती मुले मान डोलावतात आणि विसरतात. त्रैराशिक शिकवताना टोटचे एक उदाहरण फळ्यावर मांडले, तर कदाचित विसरणार नाहीत. ते आमचेच काम आहे.